फोलपट

कुंदनचं जावळ उनाईमातेच्या पायरीवर काढायचं, हे प्रमिलाबाईंनी तो पोटात असतानाच ठरवून टाकलं होतं. प्लेगच्या वर्षी, ऐन पितृपक्षात, अर्धी सुरत बोचकी बांधून स्टेशनाकडे पळत सुटली, तेव्हा त्याही भेस्तानच्या दोन खोल्यांना कुलूप घालून लेक-सुनेबरोबर पारोळ्याच्या वाटेला लागल्या होत्या. सून उज्ज्वला तेव्हा तिसऱ्या महिन्यात. गाडीत कुणी खोकलं की माणसं पदर तोंडाला लावायची. व्याऱ्याच्या पुढे गाडी उगाच थांबली, तेव्हा प्रमिलाबाईंनी खिडकीतून त्या बाजूच्या उनाईमातेला हात जोडले आणि नवस बोलून टाकला. पोर सुखरूप झालं. आता त्याला अकरावा महिना लागला होता, माघ निम्मा सरला होता आणि नवस तसाच राहिला होता.

उज्ज्वला नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “आई, दिवसभर बाहेरचं खाणं होईल. त्याचं कसं करायचं?”

प्रमिलाबाईंनी पातेलं जरा जोरानं ठेवलं. हे ‘त्याचं कसं करायचं’ त्या चार महिने ऐकत होत्या.

चार महिन्यांपूर्वी झालं ते असं. उज्ज्वला नळावर कपडे धूत होती आणि कुंदन आजीच्या मांडीवर होता. प्रमिलाबाईंनी चिमूटभर दाण्याचा कूट गुळात कालवून बोटानं त्याच्या जिभेला लावला. सातव्या महिन्यात सगळ्यांना लावतात तसा. पोरानं मिटक्या मारल्या. पाच मिनिटांत त्याचे ओठ मधमाशी डसल्यासारखे सुजले, डोळ्यांच्या फटी झाल्या, अंगावर गांधी उठल्या. मग भडभडून ओकला आणि हळूहळू सगळं उतरलं. प्रमिलाबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली होती आणि तिच्यानंच उतरलं अशी त्यांची खात्री होती. पण उज्ज्वला त्याला उधन्याच्या एका मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हातारे होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “शेंगदाणा याच्या अंगाला विष आहे. या वेळी तोंड सुजलं. पुढच्या वेळी गळा आतून सुजेल, आणि ती वेळ फार भरभर येईल. कूट नाही, चटणी नाही, तेलसुद्धा नाही.” त्यांनी एक औषधाची बाटली दिली आणि एका कार्डावर गुजरातीत लिहून दिलं, की या मुलाला शेंगदाणा चालत नाही, त्रास झाला तर हे इंजेक्शन ताबडतोब द्यावं.

डॉक्टर होऊन माणूस असं अभद्र बोलतो, हे प्रमिलाबाईंच्या मनात सलत राहिलं. “मी सात लेकरं मोठी कयात,” त्या गोपालला म्हणाल्या. “एकले भी दाना बाधना नही.”

“माय, डॉक्टर सांगस ते ऐकनं पडी,” गोपाल म्हणाला. तो पांडेसऱ्याच्या लूमच्या कारखान्यात मास्टर होता, अडलेलं यंत्र चालतं करणं हे त्याचं काम. ज्याचं काम त्यानं सांगावं, बाकीच्यांनी ऐकावं, एवढं त्याला कळत होतं.

तेव्हापासून घरात दाणा आला नाही. तेलाचा डबा बदलला, कपाशीचं तेल आलं. प्रमिलाबाईंनी ऐकलं, खोटं कशाला बोला. दाण्याच्या चटणीवाचून भाकरी घशाखाली उतरत नव्हती, तर त्या शेजारच्या ताराकडे जाऊन खायच्या आणि साबणानं हात धुऊनच घरी यायच्या. पण धुताना दर वेळी त्यांना वाटायचं, आपल्याच घरात शिरायला आपण चोरासारखे हात धुतो आहोत.

उनाईला जायचं ठरलं ते भिकनमुळे. भिकन उज्ज्वलाचा थोरला भाऊ. त्याची स्वतःची मॅटाडोर होती, कडोदऱ्याहून कापडाचे ताके सुरतच्या बाजारात आणायचा. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसतं, तेव्हा मामाही आला आणि गाडीही आली. उज्ज्वलानं पहाटे उठून मुगाच्या डाळीची मऊ खिचडी केली, स्टीलच्या डब्यात भरली, त्यावर तूप घातलं, डब्याला फडकं गुंडाळलं. कुंदनचा चमचा, वाटी, पाण्याची बाटली, औषध आणि कार्ड, सगळं एका पिशवीत. ती पिशवी दुपारपर्यंत तिनं खांद्यावरून उतरवली नाही.

उनाईला सगळं चांगलं झालं. गरम पाण्याच्या कुंडातून वाफ निघत होती, गंधकाचा वास येत होता. न्हाव्यानं भिकनच्या मांडीवर पोराचं डोकं धरलं आणि कुंदन रडायचं सोडून वस्तऱ्याकडे टकमक बघत राहिला. मऊ काळे केस पदरात पडले, तेव्हा प्रमिलाबाईंचे डोळे भरून आले. कुंडाच्या पाण्यानं त्याला न्हाऊ घातलं आणि तुळतुळीत डोक्यावर हळदीनं स्वस्तिक काढलं.

देवळातून बाहेर येताना ओळख ना पाळख अशी एक म्हातारी पुढे आली. तिनं “केवो रूपाळो” म्हणत कुंदनची हनुवटी धरली आणि दुसरा हात त्याच्या तोंडाकडे नेला. उज्ज्वलानं तो हात मनगटाशी धरला. म्हातारीच्या मुठीत प्रसाद होता, साखरफुटाणे आणि भाजलेले दाणे.

“देवीचा प्रसाद आहे,” प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या.

“माझ्या हातात द्या,” उज्ज्वला त्या म्हातारीला म्हणाली. प्रसाद तिनं कागदात बांधला आणि पिशवीत न ठेवता गाडीच्या टपावरच्या दोरीत खोचला. मग आपले हात धुतले. मग कुंदनची हनुवटी धुतली.

म्हातारी बघत राहिली. देवीच्या दारात प्रसाद नाकारला, ही गोष्ट प्रमिलाबाईंच्या काळजात काट्यासारखी शिरली. नवस फेडायला आलो आणि वर अपराध करून चाललो, असं त्यांना वाटत राहिलं.

बारडोलीला चहाला थांबले तेव्हा भिकननं खाऱ्या शेंगदाण्याची पुडी घेतली. दोन दाणे तोंडात टाकले असतील नसतील, उज्ज्वला म्हणाली, “दादा, ते टाक आणि हात धू. त्याला घेऊ नकोस आता.”

भिकन हसला, पण पुडी त्यानं टाकली. “ह्या पोराचं लग्न करशील तेव्हा मांडवात पाटी लावशील काय गं?”

उज्ज्वला हसली नाही. तिचा चेहरा ओढलेला होता. पहाटेपासून ती एका जागी बसली नव्हती आणि जिथं जाईल तिथं आधी लोकांच्या हातांकडे बघत होती. प्रमिलाबाईंना तिची कीव आली आणि रागही आला. इतकं भ्यायलेलं माणूस बरोबर असलं की नसलेलं संकटही वास काढत येतं, असं त्यांची आई म्हणायची.

कडोदऱ्याला पोचेपर्यंत दोन वाजले. भिकनला तिथं ताक्यांचे दोन गठ्ठे उचलायचे होते. हायवेला लागून एक काठियावाडी ढाबा होता, पत्र्याचं छप्पर, पुढे खाटा, मागे चूल. जेवून घ्या, तोवर मी गठ्ठे भरून येतो, म्हणून तो गोपालला मदतीला घेऊन गाडीसकट समोरच्या गल्लीत गेला.

उज्ज्वलानं गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, भाजी कशात करता. तो अभिमानानं म्हणाला, “बेन, अमारे त्यां बधुं सिंगतेलमां ज बने. चोक्खुं, घाणीनुं.”

म्हणजे सगळं शेंगदाण्याच्या तेलात. उज्ज्वलानं खाटेवर आपलं फडकं अंथरलं, त्यावर कुंदनला बसवलं, पिशवीतून डबा काढला. भरवायला त्याला मांडीवर घेतलं, तेवढ्यात कुंदननं तिथंच घाण केली. लुगडं, परकर, सगळं भरलं. तिनं त्याला पुसून, दुसरी चड्डी घालून सासूच्या मांडीवर दिलं.

“मागं टाकी आहे, मी धुऊन येते,” ती म्हणाली. “त्याला भूक लागली आहे, तुम्ही भरवायला लागा. डबा आपला, चमचा आपला. दुसरं काही नको.”

“जा तू, मी काय नवी आहे का,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

डबा उघडला तर पहाटेची खिचडी विटेसारखी थिजली होती. तूप वर पांढरं गोठलं होतं. प्रमिलाबाईंनी चमच्यानं तुकडा काढून मळला आणि पोराच्या तोंडाला लावला. कुंदननं जिभेनं ढकलून दिला. दुसरा घास त्यानं थुंकला. तिसऱ्याला ओठ मिटून मान फिरवली आणि रडायला लागला. सकाळपासून पोराच्या पोटात दोन बिस्किटं आणि आईचं दूध, त्यावर न्हाणं, त्यावर एवढा प्रवास. नवं कोरं डोकं उन्हात चमकत होतं.

त्या त्याला कडेवर घेऊन मागे चुलीपाशी गेल्या. तिथं एक बाई बाजरीचे रोटले थापत होती. प्रमिलाबाईंनी डबा पुढे केला आणि एवढंच म्हणाल्या, “जरा गरम.”

बाईनं डब्यात डोकावून पाहिलं. “आवी कोरी? छोकरुं गळे केम उतारे?” एवढी कोरडी पोर गिळेल कशी, म्हणून ती हळहळली. तिनं बाजूची लहान कढई चुलीवर ठेवली, चुलीशेजारच्या बरणीतून चमचाभर तेल सोडलं, खिचडी त्यात परतली, पाण्याचा हबका मारला. वाफ वर आली. त्या वाफेबरोबर जो वास आला तो प्रमिलाबाईंना ओळखू आला. पारोळ्याच्या घाण्यावर लहानपणी त्या बापाबरोबर जायच्या, तोच वास. कच्च्या घाणीचं शेंगतेल.

त्या क्षणी त्या थांबू शकल्या असत्या. पुढे कितीतरी दिवस त्यांनी तो क्षण हातात घेऊन पाहिला. बाई खिचडी डब्यात परत ओतत होती, पोर त्या वासानं रडायचं थांबलं होतं, आणि त्यांच्या मनात आलं ते एवढंच, की तेल म्हणजे काही दाणा नव्हे. दाण्याचं सगळं सत्त्व पेंडीत जातं, तेलात काय राहतं.

खाटेवर येऊन त्यांनी पहिला घास दिला आणि कुंदननं तो गटकन गिळला. दुसऱ्याला तोंड उघडून वाट बघत बसला. चौथ्या का पाचव्या चमच्याला प्रमिलाबाईंना खिचडीत काहीतरी लाल दिसलं. त्यांनी बोटानं काढलं. दाण्याचं फोलपट होतं, पातळ, नखाएवढं. त्या कढईत आधी कशाचा तरी मसाला परतलेला असणार.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. फोलपट पदराच्या काठाला पुसलं. एवढं काढलं की झालं, असं स्वतःशी म्हणाल्या आणि पुढचा चमचा भरला.

उज्ज्वला ओलं लुगडं झटकत आली, तेव्हा डबा निम्मा रिकामा झाला होता. तिला बरं वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिनं डब्याला हात लावला.

“गरम कशी झाली?”

प्रमिलाबाईंनी चमचा पुसला. “भिकनच्या गाडीत होता ना डबा. इंजिनापाशी. तेवढा ऊबदार राहिला.”

उज्ज्वलानं मान हलवली. ती दमलेली होती. डबा सकाळपासून तिच्याच खांद्यावरच्या पिशवीत होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

गाडी निघाली. पुढे भिकन आणि गोपाल, मागे गठ्ठ्यांना टेकून दोघी बायका, उज्ज्वलाच्या मांडीवर कुंदन. पाच-सात मिनिटं झाली असतील. कुंदन डोकं आईच्या खांद्यावर घासायला लागला. मग कान ओढायला लागला.

“झोप आली त्याला,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

उज्ज्वलानं त्याचं डोकं पुढे घेतलं. हळदीच्या स्वस्तिकाखाली कातडी फुगली होती. स्वस्तिकाची एक रेघ वर आली होती, जणू कुणी ती आतून ढकलली. बघता बघता कानामागून मानेवर गांधी उतरल्या, लाल, टपोऱ्या, एकमेकींत मिसळत जाणाऱ्या.

“दादा, गाडी थांबव,” उज्ज्वला म्हणाली. मग म्हणाली, “नको, थांबवू नको. जोरात ने. दवाखान्यात ने.”

“वस्तऱ्यानं असंल,” भिकन पुढून म्हणाला. “नाहीतर ते गंधकाचं पाणी. उनाईच्या पाण्यानं माझंपण अंग खाजतं.”

उज्ज्वलानं औषधाची बाटली काढली. झाकण भरून पोराला पाजलं. त्यानं ते ओकून टाकलं, औषध आणि त्यामागून खिचडी. पिवळी खिचडी तिच्या ओल्या लुगड्यावर पडली. त्या खिचडीचा वास मॅटाडोरमध्ये पसरला. प्रमिलाबाईंना तो पुन्हा ओळखू आला आणि त्यांनी तोंड बाहेर वळवलं.

“कुणी काही दिलं का ह्याला?” उज्ज्वलानं विचारलं. “आई, कुणी आलं होतं का जवळ? त्या ढाब्यावर कुणी हात लावला?”

“नाही,” प्रमिलाबाई म्हणाल्या. शब्द तोंडातून गेला तेव्हा त्यांना स्वतःलाच तो लांबून ऐकू आल्यासारखा वाटला.

“मग पाणीच असणार,” गोपाल वळून म्हणाला. “न्हाताना गिळलं असंल त्यानं.”

कुंदनचं रडणं आता बदललं होतं. आवाज घोगरा झाला, म्हाताऱ्या माणसासारखा. मग रडणं राहिलं आणि नुसता श्वास ऐकू यायला लागला. आत घेताना घुर्रर्र, बाहेर सोडताना बारीक शिट्टी. पर्वत पाटियाजवळ ट्रकांची रांग लागली होती. भिकन हॉर्न दाबून बसला. ओठ निळसर होत चालले होते. गळा आतून सुजेल, त्या म्हाताऱ्या डॉक्टरचं वाक्य प्रमिलाबाईंना आठवलं, आणि त्याच्यामागोमाग दुसरं, की ती वेळ फार भरभर येईल.

भिकननं गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीतून काढली आणि पहिला दिसला तो बोर्ड धरला. कापडाच्या दुकानांवर, पहिल्या मजल्यावर लहान मुलांचा दवाखाना होता. उज्ज्वला पोराला घेऊन जिना चढली ती एका दमात. औषध काढताना तिनं पिशवी खांद्यावरून उतरवली होती, ती गाडीतच राहिली. कार्ड त्या पिशवीत होतं.

डॉक्टर तरुण होता, तिशीचाही नसेल. त्यानं पोराला टेबलावर घेतलं, छातीला नळी लावली, नर्सला ऑक्सिजन लावायला सांगितलं. “शुं खाधुं हतुं?” त्यानं विचारलं.

“घरची खिचडी. मुगाची,” उज्ज्वला हिंदीत म्हणाली. “मी स्वतः केलेली. दुसरं काही नाही. शेंगदाणा त्याला चालत नाही, पण तो दिलाच नाही. सकाळी उनाईच्या कुंडात आंघोळ घातली.”

“कुंडात? पाणी नाकातोंडात गेलं होतं?”

“गेलं असेल,” गोपाल म्हणाला. “रडत होता तेव्हा.”

डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. तो नर्सला भराभर काहीतरी सांगायला लागला, फुप्फुसात पाणी, एक्स-रे, खालच्या गल्लीतलं मशीन चालू आहे का बघ. नर्स फोनकडे गेली. कुंदनच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जात होत्या. डोळे अर्धे उघडे होते, पण तो कुणाकडे बघत नव्हता.

प्रमिलाबाई दाराशी उभ्या होत्या. बोललं की काय होईल ते त्यांना लख्ख दिसत होतं. सून तोंड पाहणार नाही. लेक काही बोलणार नाही, पण त्याच्या मनातून आपण उतरलो ते उतरलोच. पारोळ्यापर्यंत गोष्ट पोचेल की आजीनं दुसऱ्यांदा विष घातलं, आणि वर खोटं बोलली. न बोलावं तर कुणाला कधीच कळणार नाही. पाण्याचं नाव होईल. देवीच्या पाण्याचं.

त्या पुढे झाल्या आणि त्यांनी डॉक्टरचा हात धरला.

“सिंग,” त्या म्हणाल्या. तीस वर्षं सुरतेत काढून जेवढी गुजराती आली होती ती सगळी त्यांनी गोळा केली. “साहेब, पाणी नथी. सिंग खाधी छे एणे. सिंगतेल, अने दाणा पण हशे. मैं खवडावी. पहेलां पण थयुं हतुं.”

डॉक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, एकदाच. मग पोराची गंजी वर केली, पोटावरच्या गांधी पाहिल्या आणि नर्सला फोन ठेवायला सांगितलं. कपाटातून एक लहानशी काचेची कुपी फोडली, सुई भरली आणि कुंदनच्या मांडीत टोचली.

“आई,” उज्ज्वला म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, काही समजलं नाही म्हणून विचारावं तसा.

“डबा मी त्या बाईले दिन्हा व्हता,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “गरम कराले. तिनं तेल घातलं ते मी पाहिलं. फोलपट निघालं तेही पाहिलं.”

खोलीत नुसता पोराचा श्वास होता. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि मोजत होते. दुसरी सुई द्यावी लागली. दुसऱ्या सुईनंतर थोड्या वेळानं ती शिट्टी बारीक झाली. ओठांवरचा निळा रंग आधी कडेनं गेला, मग मधून. मग कुंदन रडला, घोगरा, पण रडला. गोपाल भिंतीला टेकून खाली बसला.

डॉक्टरनं नंतर बाहेर येऊन सांगितलं, आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती तर मी काही करू शकलो नसतो. मग म्हणाला, अजून संपलेलं नाही, हे उतरून पुन्हा चढतं कधीकधी, म्हणून ठेवून घेऊ. तसंच झालं. दिवेलागणीच्या सुमाराला गांधी पुन्हा उठल्या, श्वास पुन्हा वाजायला लागला, पुन्हा सुई दिली. त्या वेळी प्रमिलाबाई बाहेरच्या बाकावर होत्या. त्यांना कुणी आत बोलावलं नाही आणि त्याही गेल्या नाहीत. पदराच्या काठावर एक तेलकट डाग होता. तो त्यांनी बाथरूममध्ये जाऊन साबणानं धुतला, मग पुन्हा धुतला.

तिसऱ्या दिवशी कुंदन घरी आला. त्याच दिवशी उज्ज्वला पोराला घेऊन भिकनबरोबर नंदुरबारला माहेरी गेली. जाताना पाया पडली, पण पोराला आजीच्या हातात दिलं नाही.

दोन महिने प्रमिलाबाईंनी भेस्तानच्या त्या खोल्यांमध्ये लेकाला जेवू घातलं. गोपाल जेवायचा, कामावर जायचा. आईला टाकून काही बोलला नाही आणि जास्तीचंही काही बोलला नाही. ताराकडे जाणं प्रमिलाबाईंनी सोडलं. तारानं कारण विचारलं तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं, लपवण्यासारखं काही ठेवलं नाही. तारा ऐकून म्हणाली, “अहो, तेलानं कुठं काय होतं? दुसरंच काही असंल. बाहेरचं.” चार महिने हेच वाक्य प्रमिलाबाई स्वतः म्हणत होत्या. ताराच्या तोंडून ते ऐकलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. तारा चांगली बाई होती. ढाब्यावरची तीही चांगलीच होती. पोराला जो कुणी मारील तो प्रेमानंच मारील, आणि अशी प्रेमाची माणसं गल्लीत, नात्यात, गाडीत, देवळात किती आहेत याची मोजदाद नाही.

अक्षयतृतीयेच्या आधी उज्ज्वला परत आली. पहिले चार दिवस कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी दुपारी ती भांडी घासत असताना मान वर न करता म्हणाली, “इंजिनापाशी ठेवला होता असं का सांगितलंत? डबा गरम करून आणला म्हणाल्या असतात, तर मी तिथंच ओळखलं असतं.”

“तू ओरडशील म्हणून,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

उज्ज्वलानं बराच वेळ एकच पातेलं घासलं. “मला अजून राग येतो,” ती म्हणाली. “झोपेतून उठते तेव्हापण येतो. पण त्या डॉक्टरसमोर तुम्ही बोललात. मी काय सांगत होते ते मला आठवतं. कुंडाचं पाणी, कुंडाचं पाणी.” मग ती म्हणाली, “पुढच्या महिन्यापासून मला बालवाडीत काम मिळतंय. तो तुमच्यापाशी राहील.”

“माझ्यापाशी?”

“माझी आई चांगली आहे. पण तिला अजून खरं वाटत नाही. तुम्हाला वाटतं.”

प्रमिलाबाईंना त्यात माफी ऐकू आली नाही. उज्ज्वलानं ती दिलीही नव्हती.

वैशाखात कोसाडला नात्यातलं लग्न निघालं. मांडवात पंगती बसल्या होत्या, माणसांची वर्दळ, वाढप्यांची धावपळ. प्रमिलाबाईंनी कुंदनला मांडीवर घेतलं होतं आणि त्याचा डबा स्वतःच्या मांडीखाली धरला होता. तो आता पंधरवड्यात चालायला लागेल असा झाला होता, दिसेल त्याकडे हात पसरत होता. समोरून वरमाय मंगलाबाई हातात लाडवाचं ताट घेऊन आल्या. त्यांच्या घरातलं पहिलं कार्य होतं, चेहरा आनंदानं फुललेला होता.

“घे रे राजा,” त्या वाकून म्हणाल्या.

“त्याला नको,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “त्याला शेंगदाणा बाधतो.”

“अहो, बुंदीचा आहे. दाण्याचा कण नाही यात. साजूक तुपातला आहे.”

“तळला कशात?”

“तुपात म्हटलं ना.”

“कढई कुठली होती?”

मंगलाबाईंच्या मागच्या दोघी-तिघी हसल्या. कुणीतरी म्हणालं, म्हातारीनं फार मनावर घेतलंय. मंगलाबाईही हसल्या. लाडवाचा तुकडा मोडून त्यांनी हात पुढे केला, त्या हाताला तेलकट चकाकी होती, आणि कुंदननं तोंड उघडलं.

प्रमिलाबाईंनी त्याला उचललं आणि भरल्या पंगतीतून उठल्या. पान तसंच राहिलं. पंगतीतून उठू नये, अपशकुन असतो, असं कुणीतरी मागून म्हणालं. त्या मांडवाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. तिथंही एक हातगाडी होती, आणि गाडीवर वाळूत शेंगा भाजत होत्या. त्या आणखी पुढे गेल्या. कुंदन खांद्यावरून मागे बघत हात हलवत होता, सगळ्यांकडे, ओळखीच्या आणि बिनओळखीच्या.

प्रमिलाबाईंचं वय अठ्ठावन्न होतं. पोर चौदा महिन्यांचं होतं. त्यांनी उभ्या उभ्या हिशेब केला, हा स्वतः विचारायला शिकेपर्यंत किती वर्षं लागतील, आणि तोवर आपण पुरू का. मग डबा उघडला, खिचडी बोटानं चाचपून पाहिली, वास घेतला, आणखी एकदा वास घेतला, आणि थंडच होती तरी त्याला पहिला घास दिला.